भिंतीपलीकडच्या दोघी

सिनेमातली नटी जिना उतरते तेव्हा जो टकटक आवाज येतो, तो नटीचा नसतो. तो चप्पलमास्तरांचा असतो. बेचाळीस वर्षांचे, पोट सुटलेले, मिशीवाले हे गृहस्थ उंच टाचांच्या बायकी सँडलमध्ये कसाबसा पाय कोंबतात आणि पडद्यावर डोळे रोखून जागच्या जागी जिना उतरतात. चेहरा मात्र बँकेच्या रांगेत उभं असल्यासारखा.

त्यांच्या स्टुडिओतल्या खोलीत एकशे चौऱ्याण्णव जोड होते. शिवाय वाळूचा ट्रे, खडीचा ट्रे, सुक्या पानांचं पोतं, कुठेच न उघडणारा पण सात प्रकारच्या कड्यांचा एक दरवाजा, आणि हाडं मोडल्याच्या आवाजासाठी ताजा कोबी. काम झालं की कोबी घरी जायचा. त्यामुळे सध्या सिनेमा मारामारीचा चाललाय की प्रेमाचा, हे मास्तरांच्या बायकोला भाजीवरून कळायचं.

घरात हा माणूस म्हणजे वैताग. कोणी दार वाजवलं की यांचं मत तयार: "खोटं वाटतंय." बायको रागाने भांडं आपटायची, तर म्हणायचे, "जरा जड भांडं घे, राग पोचत नाही." बायको मग जड भांडं घ्यायची. ते पोचायचं.

घरात तिसरी होती ताई, मास्तरांची थोरली बहीण. वाचनालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायचं काम. खळ, ब्रश, पातळ कापड, आणि एका पानावर पाव तास. ताईला स्किझोफ्रेनिया होता, पण हा शब्द घरात फक्त डॉक्टरांच्या कागदावर राहायचा. तोंडी सगळे म्हणायचे, ताईला "बरं नसतं". एकवीस वर्षं बरं नसतं. गोळ्या चालू, काम चालू, मधूनमधून वाईट आठवडे. आणि एक नियम: ताई सिनेमाला येत नाही.

हा नियम मास्तरांमुळेच झालेला. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी आयुष्यातलं पहिलं मोठं काम केलं आणि कौतुकाने ताईला दाखवायला नेलं. त्यात एका वेड्याच्या डोक्यात आवाज येतात आणि तो सुरी घेऊन घरभर फिरतो. सुरी पाट्यावर घासल्याचा तो आवाज मास्तरांचाच. तीन दिवस खपून केलेला. पडद्यावर सुरी निघाली आणि शेजारच्या रांगेतली बाई किंचाळली. ताई उठली, चपला शोधल्या आणि निघून गेली. नंतर ती कधी काही बोलली नाही. मास्तरही बोलले नाहीत. उलट त्या कामावर त्यांना आणखी कामं मिळाली, आणि संगणकात 'डोकं फिरलं' नावाचा एक कप्पाच तयार झाला: कुजबुज, उलटी कुजबुज, गळका नळ, हृदयाचे ठोके, काच फुटणे (लहान), काच फुटणे (मोठी).

तर अशा या मास्तरांकडे एक दिग्दर्शिका आली. सव्वीस वर्षांची, खांद्यावर स्वतःपेक्षा मोठी पिशवी. मित्रमैत्रिणींना कामाला लावून तिने एक छोटा सिनेमा केला होता. घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस, त्याला आवाज ऐकू येतात, एवढीच गोष्ट.

"मास्तर, मला चाळीस थर हवेत," ती म्हणाली. "कुजबुजीचे. घुमणारे. प्रेक्षकाच्या डोक्यात घुसले पाहिजेत."

"नळ ठेवायचा?"

"नळ?"

"गळका. चालतो तो."

"ठेवा ना!"

मास्तरांनी कप्पा उघडला आणि अर्ध्या दिवसात चाळीस थर रचून दिले. इमानदारीने. पण घरी गेल्यावर चैन पडेना म्हणून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, कानाला हेडफोन लावून पुन्हा ऐकत बसले. पडद्यावर कॅमेरा तिरका झालेला, उजेड हिरवट, आरसा तडकलेला.

"काय आहे रे?" मागून ताईने विचारलं.

मास्तर दचकले. लॅपटॉप मिटायला गेले, तोवर तिने हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला होता. बायको पोळपाट सोडून आली. दोघं ताईच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

ताई मिनिटभर ऐकत होती. मग तिला हसू फुटलं.

"हे काय? विहिरीत पडलंय का कोणी?"

"म्हणजे… त्याला आवाज येतात ना. डोक्यात."

"असे?" ताईने डोळे पुसले. "अरे, असे आले असते तर बरं झालं असतं. लगेच कळलं असतं ना की हे खोटं आहे."

एकवीस वर्षांत मास्तरांनी जे विचारलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडून निसटलं. "मग कसे येतात?"

ताईने खुर्ची ओढली.

"दोन बायका आहेत. भिंतीपलीकडे. घुमत नाहीत, कुजबुजत नाहीत. तुझी बायको शेजारणीशी बोलते ना, तशा, पण माझ्याबद्दलच. आता ती कप धुणार. बघ, दांडी तुटलेलाच घेतला. आता हात पुसणार. पुसले. दिवसभर हेच. इतकी वर्षं झाली, एकदा तरी दुसरा विषय काढावा की नाही?"

"आणि दिसतं कसं? असं तिरकं?"

"तिरकं कशाला दिसेल? उलट नको इतकं स्वच्छ दिसतं. समोरच्याच्या शर्टाचं एक बटण घे. ते माझ्यासाठीच तिथे शिवलंय असं वाटतं. मग तो काय बोलतोय ते राहतं बाजूला." तिने हेडफोन टेबलावर ठेवला. "तू हे नीट करशील तर मी बघायला येईन. नाहीतर मागच्यासारखं नेऊ नकोस."

म्हणजे तिला सगळं आठवत होतं. सुरी कोणाची, हेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मास्तर सँडलीत पाय न घालता थेट दिग्दर्शिकेसमोर बसले आणि भिंतीपलीकडच्या दोघी सांगितल्या. तिने नकारार्थी मान हलवली.

"पण मास्तर, लोकांना कळणारच नाही. वाटेल, शेजारी कोणी बोलतंय."

"त्यालाही तसंच वाटतं ना."

"तुम्हाला काय माहीत?"

आता आली पंचाईत. स्टुडिओत मास्तरांना सगळे वीस वर्षं ओळखत होते, पण घरची ही गोष्ट त्यांनी एकालाही सांगितली नव्हती. समोरच्या खडीच्या ट्रेकडे बघत ते म्हणाले, "माझ्या बहिणीला आहे. थोरल्या."

दिग्दर्शिकेने पिशवीतून वही काढून विचारलं, "बटणाचं काय म्हणाल्या त्या? पुन्हा सांगा." संध्याकाळपर्यंत तिरके शॉट उडाले, तडकलेला आरसा उडाला. त्यांच्या जागी आला एक लांबलचक, सरळ शॉट: घड्याळवाल्याच्या टेबलावरचा एक बारीक स्क्रू. बस.

आवाज घरीच घ्यायचे ठरले. स्वयंपाकघरात बायको आणि ताई, भिंतीच्या अलीकडे मास्तर आणि माइक. ताईने आधी फक्त शिकवायचं कबूल केलं होतं, पण बायकोला एकटीला जमेना.

"आता तो भिंग डोळ्याला लावणार," बायकोने आवाज काढला.

"एवढी चिडू नकोस गं," ताई म्हणाली. "त्यांचा राग नाहीये. त्यांचा वेळ जात नाहीये."

"मला ना ताई, तुमच्यासमोर हे बोलायला कसंतरी होतं."

"का? मागे बोलतेसच की."

बायको इतकी हसली की तो टेक वाया गेला. चौदाव्या टेकला दोघींचा सूर असा लागला, की भिंतीअलीकडे मास्तरांच्या अंगावर काटा आला. स्वयंपाकघरात दोन बायका गप्पा मारत होत्या, एवढंच. आणि हे ताईला एकवीस वर्षं.

ताईची शेवटची सूचना होती: "हे वेगळं वाटता कामा नये. खोलीचाच भाग वाटला पाहिजे." म्हणून मास्तरांनी त्या दोघींना पात्रांच्या आवाजात न ठेवता, पंखा, रस्ता, घड्याळांची टिकटिक असल्या खोलीच्या आवाजांत नेऊन ठेवलं. वर चिठ्ठी लिहायला विसरले. आणि तिथेच घोळ झाला.

कारण यानंतर सिनेमा जायचा केरसुणीकडे. केरसुणी म्हणजे स्टुडिओतला सफाईवाला, पण जमिनीचा नव्हे, आवाजाचा. शूटिंगच्या वेळी कोणी खोकलं, वरून विमान गेलं, शेजारच्या घरात कोणी भांडलं, की हा गडी ते आवाज एकेक करून वेचून काढणार. इतका तरबेज, की एकदा नटाचा श्वासच काढून टाकला होता. नट प्रेमाचा संवाद बुडून गेल्यासारखा बोलत होता.

पहिला खेळ दुपारी तीनचा; त्याआधी सगळं एकदा ऐकून बघायला वेळच उरला नव्हता. साठ खुर्च्यांचं छोटं सभागृह, त्यात पंचेचाळीस माणसं. ताई इस्त्रीचे कपडे घालून आली होती. चौथ्या रांगेत कडेची खुर्ची तिने स्वतः निवडली. मास्तरांना कडेच्या खुर्चीचा अर्थ कळला. मध्ये बायको, मग मास्तर.

अकराव्या मिनिटाला घड्याळवाल्याने मान वळवून भिंतीकडे बघितलं.

टिकटिक. पंखा. दुसरं काही नाही.

पडद्यावर स्क्रू आला, राहिला, गेला. घड्याळवाल्याने पुन्हा भिंतीकडे बघितलं. मागे कोणीतरी पुटपुटलं, "हा काय भिंत बघतोय सारखी?" एक-दोघं हसले.

मास्तर वाकून, लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडले आणि यंत्राच्या खोलीत घुसले. तिथे केरसुणी हाताची घडी घालून, स्वतःचं काम ऐकत, तृप्त उभा होता.

"त्या दोघी कुठेत?"

"कोण दोघी?"

"बायका रे! भिंतीपलीकडच्या!"

"अच्छा, त्या!" केरसुणीचा चेहरा खुलला. "मास्तर, दोन दिवस घातले. शेजारच्या घरातून काय बडबड येत होती! आता ऐका, नखाएवढी राहिली असेल तर नाव बदलीन."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे, तोच तर सिनेमा होता!"

केरसुणीला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर तो जो पांढरा पडला, तो खेळ संपेपर्यंत तसाच राहिला. आता चालू खेळात काही करता येणार नव्हतं. दोघी मास्तरांच्या संगणकात सुखरूप होत्या. तो संगणक शहराच्या दुसऱ्या टोकाला.

सभागृहात परत शिरताना मास्तरांच्या मनात एकच होतं: कडेची खुर्ची आतापर्यंत रिकामी झाली असणार. पुन्हा तेच. पुन्हा आपणच. अंधारात डोळे बसेपर्यंत ते दाराशी थांबले.

"आता तो भिंग डोळ्याला लावणार."

घड्याळवाल्याने भिंग डोळ्याला लावलं.

"लावलं बघ. पुसलं का?"

"नाही पुसलं. तसंच लावलं."

मास्तरांनी पडद्याशेजारच्या ध्वनिपेट्यांकडे बघितलं. आवाज तिकडून येत नव्हता. तो येत होता चौथ्या रांगेतून. ताई पडद्याकडे बघत, खुर्चीत आरामात मागे रेलून, वेळ जात नसल्याच्या सुरात बोलत होती. आणि चौदा टेक पाठ झालेली मास्तरांची बायको तिला साथ देत होती.

"शूऽऽ!" मागून कोणीतरी केलं.

"आता तो उठणार," ताई म्हणाली.

घड्याळवाला उठला. आणि पडद्यावर, अगदी त्याच क्षणी, तोही कावून भिंतीवर हात आपटून ओरडला, "गप्प बसा ना!"

शू करणारा गृहस्थ गप्प झाला. मागच्या दोन रांगांत लोक आधी चौथ्या रांगेकडे बघत होते, मग पडद्याकडे, मग पुन्हा चौथ्या रांगेकडे. त्यानंतर कोणी शू केलं नाही. दिग्दर्शिका भिंतीला टेकून, तोंडावर हात ठेवून उभी होती. ती थांबवायला पुढे आली नाही. मास्तरही जागेवर गेले नाहीत. सवयीने त्यांनी पायातले बूट काढून हातात घेतले, कारण आता त्यांच्या पावलांचा आवाज मध्ये यायला नको होता.

दिवे लागल्यावर एक आजोबा तक्रार घेऊन दिग्दर्शिकेकडे आले. "सिनेमा बरा आहे. पण त्या दोन बायका! सगळं आधीच सांगत होत्या. डोकं उठलं हो माझं."

"किती वेळ सहन केलंत?" तिने विचारलं.

"तासभर!"

"आभारी आहे," दिग्दर्शिका म्हणाली, आणि आजोबा गोंधळून निघून गेले.

बाहेर व्हरांड्यात केरसुणी ताईसमोर येऊन उभा राहिला. मान खाली.

"ताई, चूक झाली माझी. मी काढून टाकल्या."

"पूर्ण?" ताईने विचारलं.

"पूर्ण."

"किती दिवस लागले?"

"दोन."

ताईने भावाकडे बघितलं. "बघ. दोन दिवस! आणि मी एकवीस वर्षं डॉक्टरांकडे जातेय." मग केरसुणीकडे वळून तिने अगदी चौकशीच्या सुरात विचारलं, "ते यंत्र घरी आणता येतं का?"

बायको खुदकन हसली, पण केरसुणीला कामाबद्दल विचारलं की तो गंभीरच व्हायचा. "यंत्राचं काही नाही हो. काढल्यावर जी जागा रिकामी राहते ना, ती भरायला लागते. त्याच खोलीतली नुसती शांतता लागते, कोणी बोलत नसतानाची. तेवढी असली की झालं."

मास्तरांना वाटलं, आता हा गप्प बसला तर बरं. पण ताई विचार करत होती. खरंच आठवत होती.

"सकाळची असते," ती म्हणाली. "सात ते सव्वासात. खिडकीत उभी असते तेव्हा. त्या वेळी त्या दोघी नसतात."

मास्तरांनी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. रोज सात वाजता ते त्याच खिडकीशी येऊन, ताईच्या कानाशी हवापाण्याबद्दल बोलत बसायचे; आपण तिला सोबत करतोय असं समजून.

"पंधरा मिनिटं? रोज?" केरसुणीने डोळे मोठे केले. "ताई, आम्हाला पंधरा सेकंद मिळाले तरी आम्ही खूश असतो."

"हो ना?" ताई म्हणाली, आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरायला लागली. "चला. परत बघायचाय मला. त्या दोघी आत घातल्या की सांगा."