शेजारचं आमेन

लोणी देवकरच्या कारखान्यात नवीन लागलो तेव्हा मी दर रविवारी एसटीनं बारामतीच्या चर्चला जायचो. खोलीवरच्या सोबत्यांना मात्र बाजाराला चाललोय म्हणून सांगायचो.

एकदा परतीची गाडी स्टँडवरच उभी होती. भूक लागली म्हणून डबा उघडला आणि लोक बघतील या भीतीनं प्रार्थना न करताच घास घेतला. शेजारच्या म्हातारीनंही भाकरीचं फडकं सोडलं. तिनं डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात देवबापाचे आभार मानले. तिचं संपलं आणि माझ्या तोंडून आपसूक ‘आमेन’ निघालं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. आता ही गाव, आडनाव विचारणार असं वाटलं. आमच्याकडं ओळख तिथूनच सुरू होते. तिनं अर्धी भाकरी मोडून माझ्या डब्यात ठेवली.

“आमेन म्हनलास न्हवं, मग तू घरचाच हायस. खा.”

पिंपळीला ती उतरून गेली. नाव तिनं विचारलं नाही, मीही नाही.

आता मी चारचौघांत प्रार्थना करतो आणि पहिला घास घेण्याआधी जरा थांबतो. शेजारून कुणी आमेन म्हणेल, असं अजून वाटतं.