गोवऱ्यांवर जिंकलेलं गाव

पोरगा माझा अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात राहायचा तवाची ही गोष्ट. मालक जाऊन वरीस झालं व्हतं. घरात एकटी काय करतीस म्हणून पोरानं सहा महिन्यांसाठी तिकडं नेलं. घरात माणसं तीनच, पोरगा, सून आन् मी. दोघं कम्प्युटरवाली. पण उन्हाळ्यात पोराच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हाही गेला. सुनेची नोकरी व्हती म्हणून तिथं राहता येतंय, एवढं मला कळलं. बाकीचं मी इचारलं न्हाई.

सून सकाळी गाडी काढून जायची. पोरगा सोफ्यावर बसून छताकडं बघायचा. जेवायला बोलावलं तर जेवायचा, न्हाई तर तसाच. पंख्याला काय लिहिलंय का काय असं मला वाटायचं. त्याला सोफ्यावरनं उठवणारी एकच गोष्ट व्हती, शनवारची लढाई.

पहिल्यांदा तो लाकडी तलवार आन् पत्र्याची टोपी घेऊन निघाला तवा मी सुनेकडं बघितलं. सून म्हणाली, जाऊ द्या आई, घरी बसण्यापेक्षा बरं. मंग एका दुपारी घेवडा निवडत बसले व्हते तवा त्यालाच इचारलं, कसली रे ही लढाई. तर तो सोफ्यावरनं उठून खाली माझ्यासमोर येऊन बसला आन् सांगायला लागला.

कॉलेजात इतिहास शिकवणारे एक मास्तर व्हते, त्यांनी ही मंडळी जमवलेली. जुन्या काळी, तिकडं युरोपात, नदीकाठी एक गाव व्हतं. गावात पूल, आन् लांबपर्यंत दुसरा पूलच न्हाई. मीठ असू दे, धान्य असू दे, लोकर असू दे, सगळं तिथनंच जायचं. गाव ज्याच्या हातात त्याला जकात. म्हणून एका सरदारानं ते गाव घेतलं, आन् ज्याचं व्हतं त्यानं परत मिळवायला लढाई केली. ती लढाई ही माणसं दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला एका रानात खेळायची. सकाळी गाव पडायचं, दुपारी परत घ्यायचं. पोरगा परत घेणाऱ्यांच्यातला. एवढं सगळं तो एका दमात बोलत व्हता, थांबू नये म्हणून मी निवडलेला घेवडा परत निवडत बसले.

त्यात एक नियम व्हता. गाव पडायच्या आधी बायकांनी चुलीतला विस्तव काढून घेऊन बाहेर पडायचं, आन् गाव परत आलं की त्याच विस्तवानं चूल पेटवायची. काडेपेटी न्हाई, लायटर न्हाई. चूल पेटली तर गाव परत आलं. न्हाई पेटली तर नुसत्या भिंती आल्या, असं मास्तरांचं म्हणणं. मागच्या दोन वर्षी पोराच्या बाजूनं पूल घेतला, वेस घेतली, आन् चूल काय पेटली न्हाई. दोन्ही वर्षी हरले.

"विस्तव कशात राखता?" मी म्हणलं.

"दुकानात कोळशाच्या वड्या मिळतात, त्याच्यात."

"आन् गोवरी?"

पोरगा माझ्याकडं बघत राहिला. मंग हसला. लई दिवसांनी हसला. म्हणाला, "आई, यंदा तू ये. यंदा जिंकायचंच हाय मला." हसता हसता बोलला, पण ते शेवटचं हसण्यातलं नव्हतं. मला कळलं. नोकरी आणून देणं माझ्या हातात नव्हतं. विस्तव राखणं व्हतं.

ज्या रानात लढाई व्हायची त्याच्या म्हाताऱ्या मालकाच्या गाई व्हत्या. पोरानं त्याच्याकडनं बादलीभर शेण मागून आणलं, ते सुनेच्या गाडीच्या डिकीतनं, कारण त्याची गाडी विकलेली. मी वाळकं गवत चुरून घातलं, मळलं, आन् परसदाराच्या लाकडी कुंपणावर थापायला लागले. गावाकडं पक्कं घर झालं त्यानंतर किती वर्षांनी हाताला शेण लागलं. तिथली माती लाल, कुंपण पांढरं, त्याच्यावर ओळीनं गोवऱ्या. मला तर झ्याक वाटलं.

सून कामावरनं आली. नागपूरची पोर, बोलणं सरळ.

"आई, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"गोवऱ्या."

"ते दिसून राहिलं मला. पण फेन्सवर?"

"ऊन तिकडंच येतं."

ती तशीच वर गेली आन् नवऱ्याला बोलली, ते मला खाली ऐकू आलं. गाडीला वास येतोय, ऑफिसातल्या मैत्रिणीनं इचारलं काय सांडलं म्हणून. यातली एक जरी गोवरी घरात आली तर मी बाहेर राहीन. तिचंही खरंच व्हतं. दिवसभर राबून यायची बिचारी, एकटीच्या पगारावर घर चाललेलं.

शेजारची गोरी म्हातारी कुंपणापाशी येऊन लई वेळ उभी राहिली. पोरानं तिला सांगितलं, आईचं आर्ट हाय. म्हातारीनं मान डोलावली आन् एक मागून नेली. दोन दिवसांनी बघते तर तिच्या दारावर टांगलेली, मधे एक फूल खोचलेलं.

लढाईच्या दिवशी सूनही आली, गाडी तिचीच म्हणून. नदीच्या कडेचं रान. गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंती, पोत्याची छपरं, प्लायवूडची वेस. नदीला मिळणाऱ्या ओढ्यावर खरा लाकडी पूल, तोच गावाचा पूल. मास्तरांनी सगळ्यांची कापडं तपासली. कुणाची चेन निघाली, कुणाचं घड्याळ, एकाच्या टोपीवर बेसबॉलचं चित्र. माझी नऊवारी आन् गाठीची चोळी बघून म्हणाले, या जशा हाईत तशा चालतील. फक्त पोरानं घेऊन दिलेले पांढरे बूट काढायला लावले. सुनेला एक तपकिरी झगा दिला. तिनं तो जीन्सवरनंच घातला आन् ऑफिसची काळी बॅग झग्याखाली लपवून बसली. बॅग सोड म्हणलं तर सोडंना. लॅपटॉप असंल म्हणून मी गप बसले.

मडकं तिथं मिळालं न्हाई, म्हणून मी फुलझाडाची मातीची कुंडी घेतलेली. खालचं भोक लाल मातीनं बुजवलं. चुलीत गोवरी पेटवली, लाल झाली तशी कुंडीत घालून राखेनं झाकली, वर ताटली ठेवली. गोवरी अशी पुरली की दिवसभर धुमसत राहते, विझत न्हाई आन् जळूनही जात न्हाई. दुसरी एक मी पदराला बांधून घेतली, पण ती पुलावर गर्दीत पडली आन् ओढ्यात गेली. तेवढं माझं चुकलं. दोन बांधायला पायजे व्हत्या.

गाव पडलं. पडलं म्हणजे काय, ज्याला तलवार लागंल त्यानं मुकाट्यानं गवतावर झोपायचं आन् लढाई संपेपर्यंत उठायचं न्हाई. दुश्मनांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर व्हता, ताडासारखा उंच. त्यानं बादली ओतून चूल विझवली आन् आम्हा बायकांना पूल ओलांडून हाकललं. मंग जेवायची सुट्टी झाली. मी दशम्या आन् शेंगदाण्याची चटणी नेलेली. डॉक्टर सगळ्यांत जास्त जेवला, चटणीनं गळणारं नाक पुसत पुसत. दुश्मन असला तरी उपाशी कसा ठेवायचा.

जेवण झाल्यावर आम्ही पलीकडच्या काठावर बसून राहिलो. तिथं बसल्यावर मला आमची नदी आठवली.

आमचं घर कृष्णेच्या काठाला. पोरगा सव्वा वर्षाचा व्हता त्या पावसाळ्यात पाणी दारात आलं. मालक कारखान्यावर. सासू पुढं निघाली आन् मला म्हणाली, विस्तव घेऊन ये, वर माळावर कुणाकडं असणार न्हाई. मी पोराला कडेवर घेतलं, डोक्यावर विस्तवाचं मडकं. बोळात कमरेएवढं पाणी आन् त्याला ओढ. पाय सुटला. एका हातानं भिंत धरली, दुसऱ्या हातानं दोन्ही धरता येईना. मी मडकं सोडलं. माळावर सगळ्यांच्या काडेपेट्या भिजलेल्या. पाणी उतरंपर्यंत गावानं भिजलेले हरभरे खाल्ले. सासू चार माणसांत म्हणाली, "पोरं काय, आणखी झाली असती. विस्तव टाकून आली ही."  पुढं घरातला गाळ घमेल्यानं काढला, भिंती सारवल्या, शेजारच्या गावातनं विस्तव आणून चूल पेटवली. मालकांचा पगार कारखान्यानं थकवला तवा लोकाच्या रानात तण भांगलायला गेले, पोराला शिकवलं. सगळं झालं. पण सासूचं ते बोलणं राहिलं डोक्यात, काय करता.

तर तिथं काठावर बसलेलो असतानाच आभाळ भरून आलं आन् बारीक पाऊस लागला. मी कुंडीवर पदर धरला. पलीकडनं शिंग वाजलं आन् आमची माणसं पुलावर धावली. पोरगा पुढं व्हता. टोपी सारखी डोळ्यावर यायची, ती एका हातानं वर करत, दुसऱ्या हातानं तलवार. पुलाच्या गावाकडच्या टोकाला दातांचा डॉक्टर. दोघांची खडाखड झाली, डॉक्टरनं एक वार घातला आन् पोरगा कठड्यावर आदळून पलीकडं गवतात पडला. टोपी लांब गेली.

खेळ हाय हे मला ठाऊक व्हतं. पायांना कुठं ठाऊक. कुंडी तिथंच गवतात टाकली आन् अनवाणी पुलावरनं पळाले. लढणारी माणसं बाजूला झाली, म्हातारी बाई आली कुठनं म्हणून. पोरगा उताणा, डोळे मिटलेले, तोंडावर पाऊस. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, लागलं काय रे म्हणून इचारलं. तो ओठ न हलवता पुटपुटला.

"आई, मी मेलोय. मला बोलता येत न्हाई. तू विस्तवाकडं जा."

खांद्यावर त्याला खरचटलेलं, एवढंच. पण मी उठेस्तोवर आमच्या माणसांनी वेस घेतली, झेंडा चढला, सगळे "चूल, चूल" करायला लागले. मी मागं वळून बघितलं तर काठावर कुंडी न्हाई.

त्या वेळी जे वाटलं तेच पाण्यात पाय सुटला तवा वाटलं व्हतं. परत विस्तव सोडला. परत पोरासाठीच सोडला. पण आत गावात मास्तर घड्याळ बघत उभे, आन् चूल तर पाण्यानं काळी झालेली. मी रिकाम्या हातानं वेशीतनं आत गेले. काय तोंड दाखवायचं ते दाखवू म्हणलं.

तर वेशीच्या आतल्या बाजूला, प्लायवूडच्या आडोशाला, सून उकिडवी बसलेली. झगा गुडघ्याच्या वर खोचलेला, खाली जीन्स, पुढ्यात माझी कुंडी. तोंड कुंडीत घालून फुंकत व्हती. डोळे लाल, नाकाला राख, केसांत गवत. काळी बॅग उघडी पडलेली, आन् लॅपटॉपच्या जागी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेल्या दोन गोवऱ्या. एक बॅगेत व्हती, एक कुंडीत घातलेली.

"विझून राहिला होता आई," ती खोकत खोकत म्हणाली. "मी नवी गोवरी घातली. बरोबर घातली ना?"

"मोडून घाल," मी म्हणलं. "आन् एवढ्या जोरात फुंकू नगंस, राख उडंल."

ती मोडत गेली, मी खालनं हातानं वारा घातला. कडेला एक लाल रेघ धरली. ती दोघींनी मिळून चुलीकडं नेली. मास्तर वाकून बघायला लागले, कुणाच्या खिशात लायटर हाय का म्हणून. गवताची काडी धुमसली, विझली, परत धुमसली, आन् मंग जाळ झाला.

मेलेली सगळी माणसं गवतातनं उठली. पोरगा टोपी शोधत आला, पाठीला चिखल. चुलीपुढं उभा राहून बायकोच्या तोंडाकडं बघत राहिला, काळ्या झालेल्या. दातांच्या डॉक्टरनं येऊन माझा हात धरून हलवला आन् काहीतरी बोलला. पोरगा म्हणाला, तो चटणी कुठं मिळते इचारतोय.

येताना सून गाडी चालवत व्हती, मी पुढं, पोरगा मागं आडवा होऊन झोपलेला. आमच्या तिघांच्या अंगाला गोवरीच्या धुराचा वास, आन् उरलेली गोवरी तिच्या बॅगेत.

"घेतलीस कधी गं?" मी इचारलं.

"सकाळी. तुम्ही कुंडीत माती भरून राहिल्या होत्या तेव्हा." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "ते पुराचं ह्यानं मला सांगितलं होतं. लग्नाआधीच. त्याच्या आजीचं बोलणंसुद्धा."

मी काचेच्या बटणावर बोट ठेवलं. मंग म्हणलं, "काच खाली घेऊ का गं, तुझ्या गाडीला वास लागंल."

"राहू द्या आई, थंडी आहे," ती म्हणाली.

थंडी काय नव्हती.