भागीनं पेटी उघडली

कोंडपाड्यावर वीज नव्हती, पण पेटी होती. एकोणनव्वद साली एका संस्थेनं पाड्यावरच्या बाळंतपणाच्या खोलीसाठी ती दिली. पत्र्याची निळी पेटी. तिला बॅटरी जोडली की दोन ट्यूबलाइट लागायच्या. बॅटऱ्या दोन होत्या. एक उतरली की दोन गडी ती कावडीला बांधून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचे आणि तिथून एसटीनं बोईसरला, चार्जिंगच्या दुकानात. तोवर दुसरी चालायची. इन्व्हर्टर हा शब्द काही कुणाच्या जिभेवर बसला नाही. पेटी ती पेटीच.

तीन आठवडे पेटी बरी चालली. मग श्रावणातल्या एका अंधारलेल्या दुपारी, तानी सुईण बाळंतिणीपाशी बसलेली असताना, ट्यूब लुकलुकल्या आणि गेल्या. पेटीतून करपल्याचा वास सुटला. खोलीला झरोका एकच. तानीनं दार सताड उघडलं, पाऊस आत येऊ दिला, आणि त्या उजेडात मूल सोडवलं. दोघं सुखरूप राहिली.

पेटी पुरवणाऱ्या कंपनीचा कृष्णकांत नावाचा मेकॅनिक आला. त्यानं जुनी पेटी नेली, नवी ठेवली. तीही महिन्याभरात जळाली. या खेपेला त्यानं झाकणसुद्धा काढलं नाही. कागदावर लिहिलं, 'वापरणाऱ्यांच्या चुकीमुळे नादुरुस्त.' आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "या लोकांना मशीन द्यायचंच नव्हतं. पुढच्या महिन्यात येऊन घेऊन जातो."

हे भागीला कळलं ते शुक्रवारी. कारखान्यांची सुट्टी शुक्रवारची. भागी तानीची भाची. तारापूरच्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात सहा वर्षं तारेचे वेढे भरायचं, वाइंडिंगचं काम करत होती. सरावलीला भाड्याच्या खोलीत राहायची आणि सुट्टीला पाड्यावर यायची.

"मावशे, तुमी केलं तरी काय पेटीला?"

"बटन दाबलं. दुसरं काय हाय तिला दाबायला?"

भागी पेटीजवळ बसली. झाकणावर कागदाचं सील होतं: तोडल्यास कंपनी जबाबदार नाही. "आता तरी कुठं जबाबदार हाय?" म्हणत तिनं नखानं ते फाडलं.

आत पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. ट्रान्सफॉर्मरवरची तार तिनं चिमटीत धरली. तारेची जाडी, गेज, बघायला तिला पट्टी लागत नसे. एवढ्या करंटला ही तार म्हणजे बैलाचं ओझं शेळीवर. शेजारी दोन ट्रान्झिस्टर करपून काळे पडलेले. त्यांची उष्णता ओढायला तळहाताएवढा पातळ पत्रा.

पुढच्या शुक्रवारी ती मीटर घेऊन आली. मीटर रामकिसनचा. तो परभणीकडचा, कारखान्यात टेस्टिंगला होता. टेस्टिंगच्या बाकावर बायकांना बसवत नसत. भागी मधल्या सुट्टीत उभ्याउभ्याच त्याच्याकडून मीटर वाचायला शिकलेली. दुसरी बॅटरी भरलेली होती. तिच्यावर तिनं मोटारीचा दिवा लावून करंट ओढला आणि मोजलं. बॅटरीच्या टोकाला साडेबारा व्होल्ट. बॅटरी बाहेर पडवीत असायची; तिची वायर भिंतीतून आत पेटीपाशी यायची, तिथं अकराच्याही खाली.

"वाटेत दीड व्होल्ट कुणी खाल्ला?" ती म्हणाली.

तानीला त्यातलं काही कळलं नाही, पण चोरी झाली आहे एवढं कळलं. "कोण तो?"

"ही वायर, मावशे. दारावरच्या घंटीची वायर लावली हाय मेल्यांनी. आणि वर सांगतात, चूक तुमची."

ट्रान्सफॉर्मर तिनं सरावलीला नेला. कारखान्याच्या भंगारातली जाड तार मुकादमाकडून मागून घेतली आणि सगळं वाइंडिंग हातानं नव्यानं भरलं. ट्रान्झिस्टर रामकिसननं आणून दिले. पुढच्या सुट्टीला दोघांनी पाड्यावर येऊन पेटी लावली. दोन मिनिटं चालली, आणि एक ट्रान्झिस्टर फट्‌कन उडाला.

"सोड आता," रामकिसन म्हणाला. "कंपनीचा माल कंपनीला जाऊ दे. तुझं काय जातंय?"

"नाव जातंय," भागी म्हणाली. "कागदावर आमचं लिहिलं हाय, त्यांचं नाय."

तिनं भरलेली तार वेढा वेढा मोजत उलगडली. वाइंडिंगच्या दोन भागांत वेढे सारखे लागतात; एका भागात तीन जास्त भरले होते. सगळा भार एकाच ट्रान्झिस्टरवर जात होता. स्वतःची चूक सापडल्यावर तिला आधी राग आला, मग हायसं वाटलं. या वेळी तिनं दोन्ही भागांच्या तारा जोडीनं धरून एकदमच गुंडाळल्या, म्हणजे कमीजास्त व्हायला जागाच नको. पत्र्याऐवजी ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा जाड तुकडा बसवला. वायर बोटाएवढी जाड आणि आखूड घेतली, बॅटरीपाशी फ्यूज घातला. रामकिसनलाही आता राहवेना. त्यानं एक रिले जोडून दिला: बॅटरी फार उतरली की पेटी आपोआप बंद, म्हणजे बॅटरी मरायची नाही.

कृष्णकांत जीप घेऊन आला तेव्हा खोलीत ट्यूब लागलेल्या होत्या आणि दोन दिवसांची बाळंतीण पोराला पाजत होती.

"सील कुणी तोडलं?"

"मी," भागी दारात उभी राहत म्हणाली.

"तू काय इंजिनीअर आहेस?"

"नाय. म्हणून मोजून बघितलं." तिनं जुनी वायर त्याच्या हातात दिली. "ही तुमची. आता आत या आणि पेटीला हात लावा. सकाळपासून चालू हाय."

त्यानं हात लावला. पेटी नुसती कोमट होती. तरी मागच्या दोन हमालांना त्यानं ती उचलायची खूण केली. भागी दारातून हलली नाही.

"पेटी बाळंतिणीच्या नावानं दिलेली हाय. न्यायची तर तिच्याकडून मागून न्या. आणि आधी कागदावर खरं लिहा."

तोवर तानी येऊन भागीच्या शेजारी उभी राहिली. मग आणखी चार बाया आल्या. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली. कृष्णकांत त्यांना घेऊन जीपमधून निघून गेला. कागद बदलला नाही, तो शेवटपर्यंत.

पण दिवाळीच्या आत शेजारच्या दोन पाड्यांवरून तसल्याच निळ्या पेट्या आल्या, डोक्यावरून, सायकलवरून. सगळ्यांवर तेच सील, सगळ्यांत तीच तार. भागीनं एकेक उघडली. आतल्या बाजूला ती रंगानं लिहायची: तारीख, बॅटरीपाशी किती व्होल्ट, पेटीपाशी किती, आणि स्वतःचं नाव. पुढच्या वेळी कुणी चूक आमची म्हटलं, तर आकडे बोलतील.

त्र्याण्णव साली तिनं कारखान्यात टेस्टिंगचा बाक मागितला. मॅनेजर हसला. बायकांचे हात वाइंडिंगला बरे, म्हणाला. त्याच आठवड्यात भागीनं काम सोडलं आणि सरावलीच्या खोलीबाहेर स्वतःचा बाक मांडला. मीटर या वेळी तिचा होता. पहिल्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं, बाकाकडे बघून म्हणालं, "मिस्त्री कुठाय?"

"बसा," भागी म्हणाली आणि त्याच्या पेटीचे स्क्रू काढायला लागली.