खांबेट्यांचे साडेपाच टन

गोपाळकृष्ण खांबेटे वजनमापे खात्यातून निवृत्त झाले, पण वजनं काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाहीत. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आजही भाजी आधी काट्यावर चढते आणि मगच कुसुमताईंच्या हातात पडते. भाजीवाल्यावर त्यांचा राग नाही. विश्वास नाही, एवढंच.

जिथे स्कूटर लावायला जागा मिळत नाही, तिथे अशा माणसाने म्हातारपणी डोंगर चढणारी जीप घ्यावी, याची पेठेत बरीच चर्चा झाली. पण जीप घेतली होती कुसुमताईंसाठी. त्यांचं माहेर भोरच्या पलीकडे. गावची वाघजाई डोंगरावर, आणि नवरात्रात अष्टमीला माहेरवाशिणींनी वर जाऊन तिची ओटी भरायची, ही तिथली रीत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून कुसुमताईंची ओटी भावाच्या हातून जायची. देवी ती घेतही असेल, पण बाईला आपल्या हाताने भरल्याचं समाधान कुठून मिळणार? आता दिवाळीनंतर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी एकदा देवीसमोर उभं राहायचं, एवढंच त्यांनी नवऱ्याकडे मागितलं होतं. वरपर्यंत कच्चा रस्ता झाला होता, दारात गाडी होती. अडलं होतं ते टायरवर.

गेल्या वर्षीची अष्टमी खांबेट्यांनी टायर निवडण्यातच घालवली. दगडमातीत पकड घेणारे, जाड नक्षीचे ऑल-टेरेन टायर हवेत, इथवर ते लवकर आले. पण एक टायर किती भार पेलतो, याचाही आकडा टायरच्या अंगावर छापलेला असतो, हे त्यांना कळलं आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. एकशे चार असेल तर नऊशे किलो, एकशे वीस असेल तर चौदाशे. मग जॅकचं वजन झालं, पाण्याच्या कॅनचं झालं, ओटीच्या नारळाचं आणि तांदळाचंसुद्धा झालं.

"तुझं किती धरू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"लग्नाआधी विचारायचं होतंत," कुसुमताई म्हणाल्या. "तेव्हा सांगण्यासारखं होतं."

शंकरशेठ रस्त्यावरच्या टायरच्या दुकानातला चेतन हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा. शेवटी तो म्हणाला, "काका, एकशे वीसचे हेवी टायर माल वाहणाऱ्यांना लागतात. तुम्ही दोघंच जाणार. एकशे चारचे चालतील."

"नोकरीत असताना मी 'चालेल' म्हणणाऱ्यांवरच खटले भरत होतो," खांबेटे म्हणाले, आणि एकशे वीसचे घेऊन आले.

"चार टायर मिळून साडेपाच टन!" त्यांनी घरी जाहीर केलं.

"मग कात्रजचा हत्तीसुद्धा घेऊ बरोबर," कुसुमताई म्हणाल्या. "नाहीतरी देवीला आवडेल."

टायरवर हवेचाही एक आकडा होता. तो 'याच्या वर जाऊ नका' अशा अर्थाने छापलेला होता. खांबेट्यांनी तो हुकूम समजून तंतोतंत तेवढीच हवा भरली, कारण छापलेलं मानायचं हे पेठेचं व्रत आहे. त्यांच्या जीपच्या पाठीवरही त्यांनी स्वतः लिहून घेतलेली पाटी होती: 'हात दाखवला तरी गाडी थांबणार नाही.'

यंदाच्या अष्टमीला दोघं निघाले. डांबर होतं तोवर खांबेटे टायरचं कौतुक करत होते. कच्चा रस्ता लागला आणि जीप कढईतल्या फुटाण्यासारखी उडू लागली. दगडासारखे कडक टायर, वर जवळजवळ रिकामी गाडी. प्रत्येक खड्ड्याला कुसुमताईंचे गुडघे समोर आपटत होते. त्या ओटीची पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या. दुसऱ्या वळणावर मागची चाकं सुट्या खडीवर नाचली आणि गाडी रस्त्यात तिरकी होऊन थांबली.

"परत चला," त्या म्हणाल्या. "माझ्यानं नाही होत."

टोमणा नाही, काही नाही. डोळे मात्र भरले होते. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं खांबेट्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. वर्षभर सगळं तोललं, आणि जिच्यासाठी तोललं तिलाच दुखवून बसलो, हे त्यांना चांगलंच लागलं.

तेवढ्यात मागून डोक्यावर टोपल्या घेतलेल्या पाच बाया चढत आल्या. त्यातल्या पुढच्या, कुसुमताईंच्या माहेरगावच्या आनंदीबाईंनी गाडीत डोकावून पाहिलं.

"अगं बया, कुसुमाक्का! किती सालानं आलीस! वाईच बसू का गाडीत? लई दम लागलाय बघ."

कुसुमताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"टोपल्या धरून अंदाजे किती किलो—" खांबेट्यांनी सुरुवात केली.

"अहो!"

खांबेट्यांनी निमूटपणे मागचं दार उघडलं. पाच बाया, पाच टोपल्या, त्यातले नारळ आणि एक भला मोठा कोहळा आत गेला. जीप चारी पायांवर दमदार बसली. मग ती त्याच रस्त्याने अशी चढली, की आनंदीबाईंनी मांडीवर घेतलेल्या दह्याच्या लोट्यातलं थेंबभर दही सांडलं नाही. मागे बायांची गाणी सुरू झाली. रिकामं पारडं वाऱ्यानेही हलतं, हे उभी हयात दुकानदारांना ऐकवणारा माणूस मुकाट्याने गाडी चालवत होता.

वर आनंदीबाईंनी एका बाजूने धरलं, खांबेट्यांनी दुसऱ्या. देवीपुढे गेल्यावर कुसुमताईंनी दोघांचे हात सोडवले. स्वतःच्या पायांवर उभं राहून, स्वतःच्या ओंजळीने त्यांनी वाघजाईची ओटी भरली. मग किती तरी वेळ त्या नुसत्याच रडत उभ्या राहिल्या. खांबेट्यांनाही आपला चष्मा पुसावा लागला.

बाहेर आल्यावर कुसुमताईंनी जीपच्या टायरला हात लावून पाहिला.

"चांगले आहेत हो तुमचे टायर," त्या म्हणाल्या. "माणसंच कमी पडत होती."

बाया अजून प्रदक्षिणा घालत होत्या. त्यांना खाली न्यायचं होतं. खांबेटे जीपच्या मागे गेले आणि पाटी दिसणार नाही अशा बेताने तिला पाठ टेकून त्यांची वाट बघत उभे राहिले.