कलीमसेठचे खोके

मलिहा आमच्या मोताळ्याच्या कापसाच्या जिनिंगात पहिल्यांदा आली, तवा मी तिले भंगारवाली समजून घरची रद्दी आणून देल्ली! अजून हसू येते. पोरगी तं मालकाच्या अब्बांचं, कलीमसेठचं, जुनं दफ्तर लावाले आलती.

कलीमसेठ बीटी बियाण्याचे रिकामे खोके फाडून आतल्या कोऱ्या बाजूवर सारं लिहत. कोणाचा कापूस आला, कोणाचं वावर बोंडअळीनं खाल्लं.

मी देल्लेला चहा घेऊन मालक वकार आला. "मलिहा, हे खोके फेक. कागद तेवढे ठेव."

"तुमच्या अब्बांचे कागद हेच हायेत. आधी चहा भायेर न्या."

"माह्याच हापिसात?"

मलिहानं हातातला खोका वाचला, "वकारनं आज पुन्हा हिशोबावर चहा सांडला. त्याले इथं कप देऊ नये."

वकार ओसरीत उभा राहून चहा प्याला, अन् खोके कपाटात गेले.