डोरीबाईचा डोंगा

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कोणी ‘सगळं नीट चालतंय’ म्हणालं की ते नेमकं कुठे मोडतंय हे शोधायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. या सदरातल्या गूढ अनुभवांचंही मी आजवर तेच केलंय... पडदा वाऱ्याने हलला असेल, त्या काकूंना ताप असेल, वगैरे. तेव्हा आता माझी पाळी आल्यावर तुम्ही काय काय म्हणाल ते मला पाठ आहे. खुशाल म्हणा. जे झालं ते मी बदलून सांगणार नाही.

दोन हजार चारचा उन्हाळा. आम्ही तेव्हा मेडनहेड आणि रीडिंगच्या मधल्या एका गावात भाड्याने राहत होतो, थेम्सच्या अगदी काठावर. नाव मुद्दाम देत नाही, कारण यातली काही माणसं अजून तिथेच आहेत. एक चर्च, एक पब, एक दुकान — त्यातच पोस्ट ऑफिस — आणि मधोमध हिरवळ. हिरवळीच्या नदीकडच्या टोकाला एक लाकडी बाक. नवरा रोज रीडिंगला ऑफिसला जायचा, मी मॅटर्निटी लीव्हवर, आणि माझ्या बाळंतपणासाठी नागपूरहून आई आलेली.

आईबद्दल, म्हणजे सुशीलाबाईंबद्दल, थोडं सांगते. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं, वैनगंगेच्या काठचं. चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजीचे शब्द तीन — थँक्यू, सॉरी, बाय-बाय. मी दुपारी जरा पडले की ती बाळाला प्रॅममध्ये घालून त्या बाकावर जाऊन बसायची. तिथे तिला मैत्रीण मिळाली. डोरीन.

डोरीन ऐंशीच्या पुढची, जन्मापासून याच गावात. तीन वर्षांपूर्वी तिला स्ट्रोक आला होता. उजवी बाजू गेलेली, डाव्या हातात जेमतेम चमचा धरता यायचा, आणि वाचा पूर्ण गेलेली. एक शब्द नाही. तिची मुलगी पॅट तिला व्हीलचेअरवरून बाकापाशी आणून सोडायची आणि तेवढ्या वेळात दुकानातली कामं उरकून यायची. पॅट स्वतः साठीची, पाठदुखीने वाकलेली. आई सोबतीला बसते म्हटल्यावर तिला बरंच वाटलं.

एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, “डोरीबाईचा बाप डोंगा चालवत होता म्हणे.”

डोंगा म्हणजे आमच्याकडे नदी पार करायची नाव.

“कोण म्हणालं?”

“तीच सांगून राहिली होती. पलीकडून लोक आवाज देत, की हा इकडून डोंगा घेऊन जाये. हिवाळ्यात त्याचे हात फाटत, तर डोरीबाईची माय त्याइले चरबी चोळे.”

“आई, तिला बोलता येत नाही.”

“येते.”

“बरं, येतं. पण कुठल्या भाषेत बोलली?”

आईने लाटणं थांबवलं. “आता बोलताना मी भाषा पाहत बसू का वं?”

मी हसून सोडून दिलं. आईच्या लहानपणीचा डोंगा, तिच्याच बापाचे फाटलेले हात... बिचारीला घरची आठवण येतेय आणि ती त्या मुक्या बाईच्या तोंडी घालतेय. तुम्हीही आत्ता हेच म्हणालात ना? मी तुमच्या आधी म्हटलंय.

पण गोष्टी थांबेनात. चर्चमागच्या घरात धोबीण होती, तिच्या दारात पांढरा घोडा बांधलेला असायचा. शाळेत शेगडीसाठी जळण आणायची पाळी मुलांवर असायची. पुराच्या वर्षी पबच्या तळघरातली पिंपं तरंगत हिरवळीवर आली आणि गावातले पुरुष बायकांच्या आधी ती वाचवायला धावले. हे सांगताना आई इतकी हसली, की मी नाइलाजाने दुसऱ्या दिवशी तिच्यामागे गेले आणि हिरवळीच्या कुंपणाआड उभी राहिले. हो, स्वतःच्या आईवर पाळत ठेवली. टेस्टर आहे मी.

लख्ख ऊन होतं. आई मराठीत काहीतरी बोलली. मग गप्प झाली आणि फोनवर दुसऱ्याचं ऐकताना करतो तसं “हं... हं... अगंबाई... मंग?” करत राहिली. आवाज फक्त तिचाच. डोरीनचे ओठ हलत नव्हते. मग आई एकदम हसली, आणि त्याच क्षणी डोरीनचे खांदे हसल्यासारखे गदगदले. हेही मी समजून घेतलं असतं. पण माझं बाळ प्रॅममधून डोरीनच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं. आई बोलली की आईकडे बघायचं. आई थांबली की डोरीनकडे वळायचं. बोलणाऱ्याकडे बाळं वळतात, तसं.

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याहून जास्त राग आला. म्हटलं, हे आपण नीट तपासूच.

संधी आयतीच आली. गावचा इतिहास जपणारी एक मंडळी होती. ते व्हिलेज हॉलमध्ये जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार होते, आणि माझ्याकडे चांगला स्कॅनर म्हणून फोटोंचं काम माझ्याकडे आलेलं. प्रमुख होते ग्रॅहम — निवृत्त शिक्षक, अतिशय सभ्य, पण या गावचे नव्हेत, निवृत्तीनंतर आलेले. त्यांनी गावाचा जुना नकाशा काढला होता आणि फेरीचा, म्हणजे नदी पार करायच्या होडीचा, धक्का पबच्या शेजारी दाखवला होता. पबचं नाव फेरीवरून पडलेलं, म्हणजे धक्का तिथेच असणार, असा त्यांचा हिशोब. कुणाला खात्रीने माहीत नव्हतं.

मी आईला म्हटलं, “डोरीनबाईंना विचार, डोंगा नेमका कुठे लागायचा.”

दुसऱ्या दिवशी आई परत आली ती चप्पल न काढताच. “चाल. तिनं सांगतलं.”

पबच्या विरुद्ध दिशेला, दोन विलोच्या झाडांमध्ये, ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीपुढे आई उभी राहिली. “इथं. विटांच्या पायऱ्या हायेत, खाली पाण्यात उतरते.”

जाळी माणसाच्या उंचीची होती. आत काय आहे ते दिसायला मार्गच नव्हता. मी ग्रॅहमना फोन केला. ते प्रेमाने म्हणाले, “तुमच्या आईंची कल्पनाशक्ती फार सुंदर आहे.” हे एक वाक्य नसतं, तर कदाचित मी पुढे काहीच केलं नसतं.

मी पॅटकडे गेले. झुडपं कापायची मोठी कात्री मागितली आणि कशासाठी ते सांगितलं. ती थकल्यासारखी हसली. म्हणाली, “आजोबांची होडी होती हे खरं. पण मी जन्मायच्या आधीच ती बंद झाली. आई त्याबद्दल कधीच बोलायची नाही.” मग कात्री माझ्या हातात देत, “तसंही पुढच्या महिन्यात ती इथे नसेल. माझ्याने आता उचलवत नाही गं. केअर होममध्ये जागा मिळतेय, लांब आहे, नदीबिदी नाही. पण तिला आता कुठे काय कळतंय?”

मी हे आईला सांगितलं आणि आईचा पारा चढला. “तिले सारं कळते! तिले विचारलं का कोणी? मले रोज सांगून राहिली, मी नदी सोडून जात नाही म्हणून!”

त्या शनिवारी सकाळी पॅटने आणि मी हातमोजे घालून ती जाळी कापली. डोरीन बाकापाशी व्हीलचेअरवर, आई आमच्यापाशी, बाळ नवऱ्याकडे. कापत कापत आत शिरलो तशी आधी माती, मग दगड, मग पॅटची कात्री कशावर तरी खणकन आपटली. वीट. मी हातांनी पाला बाजूला केला. विटांची पायरी. तिच्या खाली दुसरी, शेवाळलेली. तिसरी पाण्यात. बाजूच्या दगडात लोखंडी कडी, गंजून लाल झालेली.

पॅट कात्री ठेवून वरच्या पायरीवर बसली. “मी साठ वर्षं इथून जातेय,” एवढंच म्हणाली.

आईला आनंद व्हायला हवा होता. पण ती पाण्याकडे बघत होती. “संध्या,” ती मला म्हणाली, “तिचा भाऊ इथंच गेला. शेवटल्या पायरीवरून पाय घसरला. लहान होता. मंग बापानं डोंगा बंद केला अन् इथं काटे लावले. पॅटले सांग.”

“आई, नको. हे नको.”

“सांग म्हणतो ना तिले.”

मी सांगितलं. पॅटचा चेहरा कठोर झाला. “माझी आई एकुलती एक होती.”

आईने माझ्या भाषांतराची वाट पाहिली नाही. “आल्फी,” ती म्हणाली. “आल्फी नाव होतं त्याचं.”

पॅट उठली. “तुझ्या आईला सांग, हे बरं नाही. पायऱ्या ठीक आहेत. मेलेली मुलं शोधून काढू नका.” आणि ती तरातरा बाकाकडे निघाली. मला वाटलं, संपलं. या गावात आता आम्हाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

व्हीलचेअरपाशी पोचून पॅट थांबली. आम्हाला तिची फक्त पाठ दिसत होती. मग ती, पाठ दुखत असताना, गवतावर गुडघे टेकून बसली आणि तिने डोरीनला काहीतरी विचारलं.

डोरीनचा डावा हात वर आला. जेमतेम चमचा धरणारा तो हात पॅटच्या गालावर गेला आणि तिथेच राहिला. मग डोरीनच्या घशातून आवाज आला. लांब, तुटका, ‘आ’सारखा. तो नावातला ‘आ’ होता असं मी म्हणणार नाही. रडण्यातही ‘आ’च असतो. पण पॅटला दुसरं काही विचारायची गरज उरली नाही. दोघी तिथेच रडत बसल्या, आणि माझी आई पदराने डोळे पुसत मला म्हणाली, “पायऱ्या धुऊन काढाले पाहिजे, गुळगुळीत झाल्या.”

केअर होम रद्द झालं. पॅटने कौन्सिलकडून मदतनीस मिळवली, तीही भांडून. ते भांडण मी शेजारी बसून ऐकलंय. कोणी “त्यांना समजत नाही” म्हटलं की पॅट म्हणायची, “माझ्या आईला विचारून मग बोला.”

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आमचं ग्रॅहमशी वाजलं. त्यांनी पायऱ्या स्वतः पाहिल्या, मोठ्या मनाने नकाशा बदलला. पण नकाशाखालच्या कार्डावर मी लिहिलं होतं — ‘ही माहिती डोरीन यांनी सुशीलाबाईंना बाकावर बसून सांगितली.’ त्याला ते तयार होईनात.

“जी बाई बोलू शकत नाही, तिने, जिला इंग्रजी येत नाही तिला सांगितलं? हे कसं लिहायचं? लोक हसतील.”

“मग तुम्ही दुसरं कारण सांगा,” मी म्हटलं. “जे काही असेल ते. मी ते लिहीन.”

त्यांनी कार्ड उचलून पुन्हा वाचलं आणि परत ठेवलं. शेवटी पॅटच म्हणाली, “कार्ड नको असेल तर नकाशाही काढा. पायऱ्या माझ्या आजोबांच्या आहेत.” कार्ड राहिलं. कोणी हसलं नाही.

तुमचे प्रश्न मला माहीत आहेत. मीच कुठेतरी वाचलं असेल? पायऱ्यांचा उल्लेख ग्रॅहमनाही कुठे सापडला नव्हता. हातवारे? एका अर्ध्या हाताने धोबिणीचा पांढरा घोडा सांगून दाखवा मला. योगायोग? आल्फी हे नाव वैनगंगेकाठी कोणी ठेवत नाही हो.

तरीही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आजही नाही. कारण व्हिसा संपून आई नागपूरला परतल्यावर मी स्वतः बाळाला घेऊन त्या बाकावर जायला लागले. डोरीनशेजारी बसायचे. इंग्रजीत बोलले, मराठीत बोलले, गप्प बसून पाहिलं. पानं गळाली, थंडी पडली, पॅट दोघींवर एकच ब्लँकेट टाकून जायची. मला काही ऐकू आलं नाही. एक अक्षर नाही.

रविवारी आईचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

“काय म्हणाली डोरीबाई?”

“आई, मला नाही गं ऐकू येत काही.”

“मंग उद्या जाय.”