पंखा बंद करणाऱ्या अक्का

कॉम्प्युटर दुरुस्त करायला अक्का घरात आल्या की आधी पंखा बंद करायला लावायच्या. तेही सोलापूरच्या उकाड्यात! कॉम्प्युटर नाही सुरू झाला तरी चालेल, पण पंखा राहू द्या, असं म्हणावंसं वाटायचं. पण अक्कांना मशिनचा आवाज ऐकायचा असे. "आधी त्याला बोलू द्या की. डॉक्टर काय आल्याआल्या पोट फाडतो व्हय?" असं म्हणून त्या टेबलाला कान लावत आणि आम्ही घामानं निथळत बसू.

विणकराच्या घरातली ही बाई घरी तेलुगू बोलायची, आम्हाला मात्र खणखणीत सोलापुरीत झापायची. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, ब्रश आणि शाळकरी खोडरबर. रॅमची पट्टी त्या रबरानं घासली की निम्मे कॉम्प्युटर मुकाट्यानं सुरू व्हायचे. पहिला प्रश्न ठरलेला : "बंद पडायच्या आधी काय केलं?" आपण म्हणायचं, काहीच नाही. "मग आपोआप रुसला व्हय?"

जुळे सोलापूर भागात मी घरीच पुस्तकांची अक्षरजुळणी सुरू केली, तेव्हाची गोष्ट. मंगळवेढ्याच्या एका शाळेची ऐंशी पानी स्मरणिका, माझं पहिलं मोठं काम, सगळं त्या एका मशिनमध्ये. छापखान्यात द्यायचं त्याच दिवशी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बटण दाबलं तर घुर्र करून चार सेकंदांत सगळं गप्प. पुन्हा तेच. मी अक्कांना फोन लावला.

अक्का आल्या. दोनदा आवाज ऐकला, मग बटणाची कड नखानं खरवडली. नख लाल झालं. दारात माझ्या सासूबाई चेहरा पाडून उभ्या होत्या. अक्कांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नख पदराला पुसलं. "बटण आत चिकटलंय. दाबलेलंच राहतंय, म्हणून बंद पडतंय. धूळ हाय, दुसरं काय."

"धूळ कसली?" सासूबाई एकदम म्हणाल्या. "कुंकू आहे ते. काल पूजा करताना मीच लावलं, चांगलं ओलं करून."

अक्का खुर्ची हलेपर्यंत हसल्या.

बटण मोकळं झालं, मशिन सुरू झालं, ऐंशीच्या ऐंशी पानं जागेवर. मला रडूच आलं. अक्कांना मात्र राग. "दुसरी कॉपी कुठाय? न्हाय? अगं, एवढं काम एका डब्यात ठेवतंय व्हय कुणी?" कॉपी होईपर्यंत त्या उठल्या नाहीत. मग पेनड्राइव्ह सासूबाईंच्या हातात ठेवला. "आई, हे तुमी सांभाळा. हिचं काय खरं न्हाय." सासूबाईंनी तो दागिन्यांच्या डब्यात ठेवला आणि दर शुक्रवारी माझ्या मानगुटीवर बसून कॉपी करून घ्यायला लागल्या.

गेल्या वर्षी अक्का मुलीकडे हैदराबादला गेल्या. फार चुकल्यासारखं होतं मला. मागच्या महिन्यात मशिनची हार्डडिस्क कायमचीच गेली, तेव्हा फोनवर मी त्यांना म्हटलंही, "अक्का, तुम्ही इथं हव्या होतात." तिकडून एवढंच आलं, "आईंना फोन दे."

सासूबाई फोन कानाला लावून ऐकत ऐकत आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ठसक्यात म्हणाल्या, "काळजी नको. शुक्रवारपर्यंतचं सगळं आहे माझ्याकडे."

हैदराबादचं ते हसणं मला बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू आलं.